सुप्रा (ए80) की आरएक्स-7 (एफडी)? एकच घ्यायचीय, भांडा!

चाकधारी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकभूल पोटात घाला. मूळ चिपळूणचा, गेली 11 वर्षं ऑकलंडला. बायकोशी करार झालाय की मुलगी युनिव्हर्सिटीला जायच्या आत एकदाच आणि एकच वेडेपणा करायचा, त्यानंतर गपगुमान हायब्रिड.

वेडेपणाचे उमेदवार दोन. टोयोटा सुप्रा ए80, 1995 ची आरझेड (म्हणजे टर्बोवाली), पांढरी. आणि माझदा आरएक्स-7 एफडी, 1996 ची, लाल, 265 पीएस (म्हणजे हॉर्सपॉवरच) वाली. दोन्ही जपानहून आलेल्या, उजव्या हाताचं स्टीअरिंग, दोन्ही मॅन्युअल, आणि किंमत अशी की आकडा लिहिला तर चिपळूणचे नातेवाईक विमान पकडून येतील.

गेल्या रविवारी दोन्ही पाहून आलो. एफडीचं दार उघडायला गेलो तर हँडलच सापडेना, मी आपला पत्रा चाचपतोय आणि मालक गालात हसत उभा, शेवटी त्यानेच दाखवलं, काचेच्या मागच्या कडेला काळ्या पट्टीत लपवलंय. आत बसलो म्हणजे अक्षरशः पाटावर पाय लांब करून बसल्यासारखं, टेकायला मागे भिंत आणि पुढे थेट रस्ता. सुप्रा त्यामानाने मोठी, भरभक्कम. तिचा डॅशबोर्ड ड्रायव्हरकडे असा वळवलाय की शेजारच्याला एसी कमी करायचा तर परवानगी काढावी लागेल. आरशात बघितलं की मागची ती विंग मधोमध, पोलिस दिसायचा नाही पण विंग दिसेल.

चालवायला, सांभाळायला, आणि 10 वर्षांनी विकायची वेळ आली तर, या तिन्ही बाजूंनी जाणकारांनी प्रकाश टाकावा. हृदय एफडीकडे, डोकं सुप्राकडे, असं काहीतरी झालंय.

पेठेतला_पेट्रोल

पहिला! चहा ठेवलाय, येऊद्यात.

बाकी एव्हरेज किती देतात ते आधी सांगा. आणि माझदा म्हणजे आमच्या शाळेची बस, स्वराज माझदा, मागच्या सीटवर बसलं की डोकं छताला. त्यांनी रेसिंगवाली पण काढलेली हे आज कळलं.

नागोयाकर

पेट्रोलराव, एव्हरेज विचारूच नका. माझी एफडी शहरात 5-6 देते, ते पण हाय ऑक्टेन घालून. सुप्रावाले 7-8 सांगतात पण तेही देवाची शपथ घालूनच.

चाकधारी, मी टोयोटाच्या गावात राहून, टोयोटाला पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी करून एफडी चालवतो त्यामुळे माझं मत पक्षपाती समज. पण पक्षपाती असलो तरी खोटं सांगणार नाही, जरा सविस्तर लिहितो.

एफडी जपानमध्ये डिसेंबर 1991 ला आली, ऑगस्ट 2002 ला बंद झाली. सुप्रा आली 1993 ला आणि बंद पडली तीही ऑगस्ट 2002 लाच. तेव्हा इथले प्रदूषणाचे नवे नियम लागू झाले आणि निसानच्या सिल्व्हिया, स्कायलाइन जीटी-आर वगैरे सगळी पंगत एकदमच उठली. म्हणजे वय साधारण सारखं, दोन्ही जपानच्या सुगीच्या दिवसांत ठरलेल्या गाड्या, इंजिनियरला कोणी पैसे विचारत नव्हतं तेव्हाच्या. पण दोघींमागचा विचार पूर्ण उलटा.

एफडीचं इंजिन रोटरी, फक्त 1308 सीसी. सुरुवातीला 255 पीएस, तुझी 1996 वाली 265, 1999 पासून 280. वजन 1250 ते 1300 किलोच्या आसपास. माझदावाल्यांनी ठरवलं होतं की दर पीएसमागे 5 किलोच्या आत बसवायचं, आणि 1250 भागिले 255 करून बघ, बसतं. इंजिन इतकं छोटं की ते पुढच्या चाकांच्या मागे सरकवलंय, त्यामुळे वजन पुढेमागे जवळपास अर्धंअर्धं. वळणात शिरताना नाक किती पटकन वळतं ते शब्दात सांगता येत नाही, वळायचा विचार केला की वळते.

रोटरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराचा डबा घ्या आणि त्यात समोसा फिरतोय अशी कल्पना करा. समोशाची तीन टोकं सतत डब्याच्या भिंतीला घासत जातात, तीन बाजूंना तीन कप्पे होतात, एकात हवा-पेट्रोल येतंय, एकात दाबून पेटतंय, एकातून धूर जातोय. वरखाली होणारं काही नाही, व्हॉल्व्ह नाही, त्यामुळे 8000 आरपीएमपर्यंत शिवणाच्या मशीनसारखं गुळगुळीत. एफडीत असे दोन समोसे, म्हणजे रोटर. आता टोकांना ज्या पट्ट्या असतात, एपेक्स सील, त्यांच्यावर सगळी दुनिया उभी आहे. 60 च्या दशकात हिरोशिमाला माझदाच्या केनिची यामामोटोंची 47 जणांची टीम याच पट्ट्यांपायी वर्षानुवर्षं डोकं फोडत होती, घर्षणाने भिंतीवर ओरखडे उठायचे त्याला ते 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणायचे. 1967 च्या माझदा कॉस्मो गाडीत ते गणित सुटलं. सुटलं म्हणजे काय, आटोक्यात आलं.

आता वाईट बाजू. उष्णता. प्रचंड उष्णता. दोन टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारे पंखे) एकामागोमाग सुरू होतात, पहिला खालून, दुसरा 4500 च्या आसपास, आणि हा सगळा खेळ चालवायला बॉनेटखाली 70 च्या आसपास रबरी नळ्या. 25-30 वर्षं तापून तापून त्या नळ्यांचं पार लाकूड होतं, एक तडकली की दुसरा टर्बो येतच नाही, मग शोधत बसा कुठली ते. कूलंटची एक प्लास्टिकची छोटी टाकी असते ती तडकते, लोक अ‍ॅल्युमिनियमची बसवून घेतात, तू बघितलेल्या गाडीत काय आहे ते बघ. आतलं प्लास्टिक पापडासारखं.

आणि थंड इंजिन चालू करून लगेच बंद करायचं नाही! माझीच गोष्ट. पार्किंगमधून बायकोची गाडी काढायची म्हणून एफडी चालू केली, 2 मीटर पुढे घेतली, बंद केली. दहा मिनिटांनी परत किल्ली फिरवतोय तर नुसतं घूं घूं घूं. पेट्रोलने आत सगळं धुवून निघालं, तेलाचा थर गेला, सील दाब धरेना. चारही प्लग काढून, पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, क्रँक मारून मारून सुकवली. शेजारचे आजोबा गॅलरीतून बघत होते, त्यांनी शेवटी हिरवा चहा आणून दिला. चूक माझी, गाडीची नाही. आता 2 मीटर न्यायची असेल तर मी ढकलतो.

बजाजकाका

वाचतोय. समोसा आवडला.

जर्सीवाली_आत्या

नागोयाकर भाऊ, छान लिहिलंत, आणि एवढं सगळं वाचून कोणी एफडी घेत असेल तर त्याला माझा साष्टांग नमस्कार :)

आमच्याकडे 1994 ची सुप्रा आहे, डाव्या हाताची, अमेरिकेत विकलेली. नवऱ्याच्या नावावर पण ऑइल बदलते मी, तेव्हा बोलायचा हक्क माझा. इंजिन 2जेझेड-जीटीई, 2997 सीसी, सरळ रेषेत सहा सिलिंडर, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही 86 मिलिमीटर. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, वजनदार, बोजड, आजच्या इंजिनियरला दाखवला तर नाक मुरडेल. पण त्या लोखंडामुळेच ती मरत नाही. मजा म्हणजे हे इंजिन आधी सुप्रात आलंच नाही, 1991 ला अरिस्टो नावाच्या चार दारांच्या साहेबी गाडीत आलं. म्हणजे जगभरची पोरं ज्याच्यासाठी वेडी ते इंजिन मुळात मॅनेजर लोकांना ऑफिसला सोडायला बनवलेलं.

जपानच्या गाडीवर 280 पीएस लिहिलेलं असतं कारण तिथल्या कंपन्यांचा आपसात अलिखित करार होता, 280 च्या वर कोणी आकडा छापायचा नाही. आमच्याकडे तीच गाडी 320 हॉर्सपॉवरची म्हणून विकली. पण चाकधारी दादा, नुसता आकडा वेगळा नाही हो, जपानी आरझेडमध्ये टर्बोच्या आतलं चाक सिरॅमिकचं, आमच्यात स्टीलचं. सिरॅमिक हलकं, पटकन फिरतं, खालचा पिकअप छान. पण आधीच्या मालकाने बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवून पळवली असेल तर ते चाक फुटतं आणि तुकडे बाहेर पडतात. त्यामुळे 'स्टॉक टर्बो', म्हणजे कंपनीचाच मूळ, म्हणून सांगितलं तर बूस्ट कंट्रोलर कधी लावला होता का ते विचारा, डॅशबोर्डला भोकं असतील तर न विचारता कळेल.

वजन मात्र 1500 किलो. टोयोटाने ते कमी करायला काय काय केलं, बॉनेट अ‍ॅल्युमिनियमचं, स्टीअरिंगचा सांगाडा मॅग्नेशियमचा, आणि कार्पेटचे धागे आतून पोकळ. मी खरंच एक धागा कापून बघितलाय, दिसलं काही नाही पण समाधान झालं. डाएट करणाऱ्या माणसाने भाकरी सोडून वर श्रीखंड घ्यावं तसा प्रकार, पण चालवताना ते वजन उपयोगी पडतं, हायवेला गाडी रस्त्याला अशी चिकटते की कॉफीचा कप हलत नाही. एफडी म्हणजे तमासगीर, सुप्रा म्हणजे पैलवान. रोज कोणासोबत राहायचं ते तुम्ही ठरवा.

पेठेतला_पेट्रोल

आत्या, पण 1000 घोडे काढतात ना लोक सुप्रातून? यूट्यूबवर रोज कोणीतरी काढतो.

जर्सीवाली_आत्या

काढतात बाळा. मोठा एकच टर्बो, इंजेक्टर, पेट्रोल पंप, इंटरकूलर, क्लच, कॉम्प्युटर, सगळं बदलून. आतल्या क्रँक-पिस्टनला हात न लावता 600-700 सहन करते हे खरंय, त्यापुढे पैसा ओता आणि नशीब बघा. पण चाकधारींना 10 वर्षांनी विकायचीय. कलेक्टर लोकांना 1000 घोडे नको असतात, त्यांना कंपनीतून निघाली तशी हवी असते. सगळ्यांनी एवढ्या कापल्यात की न कापलेलीच दुर्मिळ झाली. 2019 ला अमेलिया आयलंडच्या लिलावात 1994 ची एक स्टॉक सुप्रा 1,73,600 डॉलरला गेली तेव्हा आम्ही जेवता जेवता थांबलो होतो. 2021 ला ती 'फास्ट अँड फ्युरियस' पिक्चरमधली नारंगी गेली साडेपाच लाख डॉलरला, पण ती गाडीची किंमत नाही, ती पोस्टरची किंमत.

डबल_क्लच

अवांतर पण राहवत नाही. ज्या 2जेझेडचं एवढं कौतुक चाललंय ते जपानच्या जीटी रेसिंगमधल्या सुप्रात नव्हतंच! जीटी500 या वरच्या गटातल्या सुप्रात टोयोटाने 2 लिटरचं चार सिलिंडरवालं 3एस-जीटीई टर्बो टाकलं होतं, हलकं आणि मागे सरकवता येतं म्हणून. 1997 चं अजिंक्यपद टॉम्स संघाच्या सुप्राने याच चार सिलिंडरवर घेतलं, चालवायला पेद्रो दे ला रोसा आणि मिखाएल क्रुम. म्हणजे रेसिंगला गेल्यावर टोयोटालाही पुढचं वजन कमी करावंसं वाटलं, नागोयाकर काय सांगतायत तेच.

आणि माझदाचं म्हणाल तर 1991 चं ल मान, फ्रान्समधली 24 तासांची रेस. 787बी, 55 नंबर, नारंगी-हिरवी, चार रोटरचं इंजिन, टर्बो नाही. जपानी कंपनीने ल मान जिंकायची ती पहिली वेळ, पुढची यायला 2018 उजाडलं, टोयोटाच. शेवटचा टप्पा जॉनी हर्बर्टने चालवला आणि उतरल्यावर त्याला इतकं डिहायड्रेशन झालं की पोडियमवर गेलाच नाही. एफडी त्याच वर्षी डिसेंबरला बाजारात आली, याहून चांगली जाहिरात काय हवी. पुढे 2006 ला आरई अमेमिया संघाच्या एफडीने तीन रोटर घालून जपानच्याच जीटी रेसिंगमधल्या जीटी300 या खालच्या गटाचं अजिंक्यपद काढलं, म्हणजे गाडी बंद होऊन 4 वर्षं झाल्यावर!

787बी चा आवाज ज्यांनी ऐकला नाही त्यांनी आधी ऐकून या, मग मत द्या.

सातारी_कंदी

ऐकला. कुत्रं उठलं, सासूबाई उठल्या. मस्त आहे.

बाकी यातली एखादी भारतात आणता येईल का? सहज विचारतोय.

नागोयाकर

नाही. वापरलेली गाडी आणायची तर बनवल्यापासून 3 वर्षांच्या आतली हवी, वर ड्यूटी किमतीपेक्षा जास्त. या दोघी त्यात कुठे बसणार. त्यामुळे भारतात बसून या गाड्यांवर प्रेम करायचं म्हणजे लांबूनच, शाळेतल्यासारखं.

हां, चाकधारी, खर्चाचं एक गमतीशीर सांगायचं राहिलं. जपानमध्ये दरवर्षीचा टॅक्स सीसीवर. रोटरीचं सीसी दीडने गुणतात, 1308 चे होतात 1962, म्हणजे 2 लिटरच्या आत. 13 वर्षांपेक्षा जुनी म्हणून जादा धरून मला 45,400 येन येतो, सुप्रावाल्या मित्राला 58,600. वर्षातून एकदा मी त्याला याची आठवण करून देतो. बाकीचे 364 दिवस तो मला इंजिनची आठवण करून देतो.

आणि हे नीट ऐक. एफडी घ्यायची तर कॉम्प्रेशन टेस्ट (इंजिन आत दाब किती धरतं ते बघणं) केल्याशिवाय एक पैसा द्यायचा नाही. साधा गेज नको, रोटरीचा वेगळा मीटर असतो, एका रोटरचे तीन कप्पे तीन आकडे दाखवतो. तीन अधिक तीन सहा आकडे. 8 च्या आसपास असले तर आनंद, आणि एकाच रोटरच्या तिघांत दीडपेक्षा जास्त फरक दिसला तर समजून जा. इंजिन गरम असताना घ्यायला सांग. मालक टाळाटाळ करायला लागला की हेल्मेट उचलून घरी.

चाकधारी

सगळ्यांचे आभार. नागोयाकर, आत्या, तुमच्या दोघांच्या प्रतिसादांची वाचनखूण साठवलीय. या शनिवारी दोन्ही गाड्या परत बघायला जातोय, मीटरवाला एक रोटरी मेकॅनिक सोबत घेऊन. कळवतो.

जर्सीवाली_आत्या

सुप्राच्या बॉनेटखाली बिल्ड प्लेट असते, मागच्या भिंतीवर, कारखान्यात कुठलं इंजिन-गिअरबॉक्स बसवलं ते लिहिलेली. तिचा जवळून फोटो काढा दादा. विसरू नका.

चाकधारी

मंडळी, आलो. बसा जरा, मोठं आहे.

आधी एफडी. 20 मिनिटं फिरवून गरम केली, मेकॅनिकने प्लग काढला, मीटरचं टोक घट्ट बसवलं, मला म्हणाला अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून किल्ली धर. घुप घुप घुप घुप. मालक हाताची घडी घालून उभा. पुढचा रोटर: 8.1, 8.0, 7.9. मालक हसला. मागचा रोटर: 7.8, 7.7, 5.9. कोणीच काही बोललं नाही. मेकॅनिकने मीटर काढून परत लावला, परत मारला. 5.9. मग त्याने मला कानाने ऐकायला सांगितलं, सहा ठोके सारखे यायला हवेत तर घुप घुप घुस, घुप घुप घुस. एकदा ऐकलं की नंतर तेवढंच ऐकू येतं.

मालक म्हातारा माणूस, खरंच माहीत नव्हतं त्याला. खाली बसला आणि म्हणाला की या हिवाळ्यात गरम असताना चालू व्हायला जरा वेळ लावत होती, मला वाटलं बॅटरी.

मग सुप्रा. आत्या, तुमचे पाय कुठे आहेत ते सांगा, फोटोला नमस्कार करतो. इंजिनवर झक्कास कव्हर, टर्बो जागेवर, चालवायला अप्रतिम, 4000 च्या पुढे दुसरा टर्बो आला की पोटात गोळा. मी जवळजवळ हो म्हणालो होतो. मग आठवलं म्हणून प्लेट शोधली, तर तिच्यावर बरोबर मधोमध ग्रीसचा थापा. एरवी सगळं बॉनेट आरशासारखं चकचकीत आणि प्लेटवरच ग्रीस? खिशातल्या रुमालाने पुसलं. इंजिनच्या रकान्यात 2जेझेड-जीई. जीटीई नाही, जीई. गिअरबॉक्सच्या जागी डब्ल्यू58.

विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे जपानी प्लेटा कधीकधी चुकतात.

जर्सीवाली_आत्या

वाटलंच होतं मला!!! ती मुळात एसझेड आहे, बिनटर्बोची. नंतर टर्बोचं इंजिन आणि सहा गिअरचा गेट्राग गिअरबॉक्स आणून बसवलाय. प्लेटा चुकतात म्हणे. टोयोटाची प्लेट चुकायला लागली तर सूर्य पश्चिमेला उगवेल.

म्हणजे गाडी वाईटच असं नाही, काम नीट केलेलं असेल तर चालायला तेवढीच भारी. पण आरझेडच्या भावात एसझेड विकणं ही शुद्ध फसवणूक, आणि पुढे तुम्ही विकाल तेव्हा समोरचाही रुमाल घेऊन येईल.

डबल_क्लच

न्यूझीलंडला इंजिन बदललं की एलव्हीव्हीचं, म्हणजे फेरफार केलेल्या गाडीचं, सर्टिफिकेट लागतं ना? त्याची पण एक प्लेट लावतात गाडीला, काय काय बदललं ते लिहून. ती होती का?

चाकधारी

नव्हती. रिव्हेटची दोन भोकं होती.

पेठेतला_पेट्रोल

रिव्हेटची भोकं! अरे हे तर पुण्यात सेकंडहँड स्प्लेंडर घेण्यासारखंच निघालं की, मला वाटलं परदेशात सगळं सरळ असतं.

नागोयाकर

चाकधारी, ऐक. माझा सल्ला विचित्र वाटेल. एफडी घे.

त्या 5.9 ने तुला सगळं खरं सांगून टाकलंय. एफडी घ्यायची म्हणजे इंजिन खोलून परत बांधायचा खर्च आज ना उद्या धरायचाच असतो, 1 लाख किलोमीटरच्या पुढे तर गृहीतच. म्हाताऱ्याच्या गाडीला अपघात नाही, पत्रा मूळचा, कापलेली नाही, बरोबर? मग इंजिन बांधायचे पूर्ण पैसे किमतीतून वजा कर आणि बोल. रोटरी खोलायला भाग थोडे, दोन समोसे आणि एक शाफ्ट. माझदाने एफसी (आधीची आरएक्स-7) आणि एफडीचे काही पार्ट परत बनवायला घेतलेत, टोयोटाने पण सुप्राचे घेतलेत म्हणा, पण कापलेली चासी आणि लपवलेली प्लेट कोणी परत बनवून देत नाही.

आणि किमतीचं म्हणशील तर सगळ्या मिळून एफडी साधारण 68 हजार बनल्या, अमेरिकेत 1993 ते 95 मध्ये जेमतेम 14 हजार विकल्या, आणि त्यातल्या किती फुटल्या, किती भिंतीत गेल्या त्याचा हिशोब नाही. स्पिरिट आर नावाच्या शेवटच्या खास एफडी फक्त 1500. अमेरिकेत 25 वर्षं झाल्याशिवाय जपानी गाडी नेता येत नाही, म्हणजे 2002 च्या स्पिरिट आर 2027 ला मोकळ्या होतील. तेव्हा इथला बाजार रिकामा होणार बघ, आत्तापासूनच लोक गोदामात झाकून ठेवायला लागलेत. तुझी स्पिरिट आर नाही, पण पाणी चढलं की सगळ्याच होड्या वर जातात.

जर्सीवाली_आत्या

मी अजूनही म्हणेन थांबा, खरी आरझेड शोधा, वर्षभर लागलं तरी चालेल. पण ती खरी आरझेड यांच्या बजेटच्या किती वर गेलीय हे मला माहितीय म्हणून जास्त बोलत नाही. आमच्या सुप्राला वर्षभरात ऑइल, टायमिंग बेल्ट आणि सकाळी पहिल्यांदा चालू करताना निघणारा थोडा निळा धूर, व्हॉल्व्हच्या सीलचा, एवढंच दुखणं. चालू करताना मी कधी देवाचं नाव घेतलं नाही हे लक्षात असू द्या.

सातारी_कंदी

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

चाकधारी

धागा वर काढतोय, सात आठवडे झाले.

एफडी घेतली. म्हाताऱ्याने इंजिनच्या खर्चातला निम्म्याहून थोडा जास्त सोडला, त्यापुढे मला ताणवेना, तो रोज संध्याकाळी तिच्यावरून हात फिरवत होता हो. बायको म्हणाली बंद पडलेली गाडी विकत घेणारा पहिला कोकणी तूच.

इंजिन खोललं तेव्हा मी तिथेच होतो. मागच्या रोटरचं एक एपेक्स सील कोपऱ्याला झिजून तिरकं झालेलं, बाकी भिंत चांगली, ओरखडे नाहीत. मेकॅनिकने ते सील माझ्या हातात ठेवलं. 80 मिलिमीटर लांब, 2 मिलिमीटर जाड, आईच्या केसातल्या जुन्या पिनेएवढं. एवढ्याशा पट्टीपायी माझे सात आठवडे आणि हायब्रिडचे अर्धे पैसे गेले. घरी आणलं तर मुलीने ते पुस्तकात खूण म्हणून घातलं, आता तिच्या फिजिक्सच्या पुस्तकात आहे.

नवीन सील, नवीन कूलंट सील, त्या सगळ्या नळ्या सिलिकॉनच्या, टाकी अ‍ॅल्युमिनियमची. आत्ता रनिंगवर आहे, पहिले काही दिवस आरपीएम वाढवायचं नाही, त्यामुळे शाळेच्या बसमागून चालवतो. पेट्रोलराव, तुमची आठवण काढली.

मेकॅनिक म्हणतोय की पेट्रोलमध्ये दर वेळी थोडं टू-स्ट्रोक ऑइल मिसळत जा, सील जास्त टिकतात, गाडीचा स्वतःचा ऑइल पंप आहे पण तो कंजूष आहे. खरंच टाकायचं का? किती?

नागोयाकर

अभिनंदन!! मी टाकतो. 40 लिटरला 200 मिली. आधी ऑइल, मग पेट्रोल, म्हणजे आपोआप मिसळतं. धूर काढणारं स्वस्तातलं घेऊ नको.

बजाजकाका

इतके दिवस वाचत होतो, माझ्या कामाचा विषय आत्ता आला. म्हणजे ही तुमची जपानी रेसिंग गाडी शेवटी आमच्या चेतकसारखीच की! पेट्रोलबरोबर तेल पिते, थंड असताना रुसते, आणि प्लग काढून पुसायला लागतात. आम्ही 1988 पासून हेच करतोय, कोणी कलेक्टर म्हणून विचारलं नाही.

चेतकला लिटरला 20 मिली. डिकीत ते माप अजून आहे, पिवळं प्लास्टिकचं, पंपावर मिळालेलं. पुतण्या दिवाळीनंतर ऑकलंडला येतोय, त्याच्याबरोबर पाठवू का?

चाकधारी

पाठवा काका. पण टाकी भरताना दहा मापं मोजावी लागतील.

बजाजकाका

मुलीला मोजायला बसवा. नववं का दहावं यावर भांडण होतं, आमचं व्हायचं.